मॅग्नस : एका कल्पित सृष्टींतील उपेक्षित सूर्यदेव

जगांतील प्राचीन लोकांनीं सृष्टीच्या उत्पत्तीच्या ज्या कथा रचिल्या, त्यांपैकीं बहुतेक कथांत सूर्यास मोठ्या मानाचें स्थान दिलेलें आढळतें. मिसर देशांतील लोकांचा रा हा सूर्यदेव नौकेंतून आकाश ओलांडी. ग्रीक लोकांचा हीलिऑस चार घोड्यांच्या रथांतून जाई. आणि आपल्याकडील सूर्याच्या रथास तर सात घोडे जोडलेले आहेत. देव, रथी, नावाडी, नेत्र अशा नाना रूपांनीं सूर्याचें वर्णन झालेलें आहे. परंतु सूर्य म्हणजे आकाशास पडलेलें एक भोंक होय, व तें भोंक एका पळून जाणाऱ्या देवानें पाडिलें, अशीही एक कल्पना आहे. ती कोणत्याही धर्मग्रंथांतील नाहीं. संगणकावर खेळावयाच्या एका खेळमालेंत ती अलीकडच्या काळांत निर्माण झाली. त्या कल्पनेचा व तींतील देवाचा थोडासा अभ्यास करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पालकांपैकीं कित्येकांस खेळ आणि पुराण हे दोन शब्द एकत्र पाहून नवल वाटेल. म्हणून प्रथम या खेळाची ओळख करून देणें इष्ट आहे. 'द एल्डर स्क्रोल्स' या नांवाची ही खेळमाला अमेरिकेंतील बेथेस्डा या संस्थेनें काढिली. तिचा पहिला खेळ 'अरीना' हा १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यामागून 'डॅगरफॉल' (१९९६), 'मॉरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हिअन' (२००६) व 'स्कायरिम' (२०११) हे मुख्य खेळ आले. आणि पुष्कळांनीं एकत्र खेळावयाचा 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' हा खेळ २०१४ सालीं निघाला. खेळणारा टॅम्रिएल नांवाच्या काल्पनिक खंडांत प्रवासी होऊन हिंडतो. तेथें मनुष्यें आहेत, एल्फ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दीर्घायुषी जाती आहेत, आणि मार्जाराच्या मुखाचे खजीत नांवाचे लोकही आहेत.

या खेळांचें एक वैशिष्ट्य असें कीं, त्यांत घरोघरीं, मठांत, थडग्यांत व गुहांत लहान लहान पुस्तकें ठेविलेलीं सांपडतात आणि तीं उघडून वाचतां येतात. त्या सृष्टींतीलच पंडितांनीं, पुजाऱ्यांनीं व प्रवाशांनीं तीं लिहिलीं, असें मानावयाचें असतें. अर्थात् तीं एकमेकांशीं जुळत नाहींत. एका बालबोध कथेंत तारे हे आनू नांवाच्या आदिपुरुषाच्या रक्तापासून झाले असें सांगितलें आहे. दुसरीकडे त्याच ताऱ्यांस आकाशाचीं छिद्रें म्हटलें आहे. यांतील खरें कोणतें, हें सांगण्यास खेळाचा कर्ता पुढें येत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास जुन्या बखरी ताडून पाहाव्या लागतात, त्याचप्रमाणें येथें वाचकासच पुरावा तोलावा लागतो. या दृष्टीनें पाहतां हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाहीं.

आतां मूळ कथेकडे वळूं. आरंभीं मोठमोठे आत्मे होते, परंतु मर्त्य सृष्टि नव्हती. लोर्खान नांवाच्या देवानें तशी सृष्टि निर्माण करण्याची कल्पना काढिली आणि इतरांस तीं सामील करून घेतलें. कल्पना लोर्खानची, पण तिचे आराखडे व आकृत्या काढिल्या त्या मॅग्नसनें. तो या कार्याचा स्थपति होय. काम पुढें जाऊं लागलें तेव्हां देवांस कळून आलें कीं, या सृष्टींत आपलें बळ ओतलें जात आहे आणि तें परत मिळावयाचें नाहीं. तेव्हां मॅग्नसनें काम थांबविण्याचें ठरविलें. तो मर्त्य लोकांतून निघून एथेरिअस या प्रकाशमय लोकांत गेला. आणि जातांना मधलें आवरण फाडून गेला. तें जें मोठें भोंक पडलें, तोच त्या सृष्टीचा सूर्य. त्याच्यामागून त्याचे अनुयायी गेले. त्यांस मॅग्ना-गे असें नांव आहे. त्यांनीं पाडलेलीं लहान छिद्रें म्हणजे तारे. या छिद्रांतून पलीकडचा प्रकाश मर्त्य लोकांत झिरपतो, व त्या प्रकाशाबरोबरच जादूची शक्तिही येते.

मागें राहिलेल्यांची गति निरनिराळी झाली. कांहींनीं जग मरूं नये म्हणून आपलें स्वरूप टाकून दिलें आणि ते सृष्टीचे नियमच होऊन बसले. त्यांस पृथ्वीच्या अस्थि असें म्हणतात. कांहींनीं विवाह करून संतति वाढविली आणि संततीच्या रूपानें ते टिकून राहिले. एल्फ लोकांचा मुख्य देव ऑरिएल यानें, आम्हांस परत घ्या, अशी आनूची विनवणी केली; पण त्यांच्या जागा आधींच भरून गेल्या होत्या. आनूनें त्यास फक्त एक धनुष्य व एक ढाल दिली. लोर्खानचें हृदय उपटून अडमँटाइन मनोऱ्यावरून फेंकून देण्यांत आलें, व तें जेथें पडलें तेथें ज्वालामुखी झाला.

इतक्या महत्त्वाच्या देवास त्या जगांत मान किती असावा? प्रत्यक्षांत तो फारच थोडा आहे. मनुष्यांच्या साम्राज्यांत ज्या आठ देवांची, व पुढें तॅलोस मिळून नऊ देवांची, उपासना चालते, त्यांत मॅग्नसचें नांव नाहीं. एल्फांच्या व ब्रेटन लोकांच्या देवमालिकेंत तें आहे. परंतु तेथेंही त्याजविषयीं चार ओळींपलीकडे मजकूर नाहीं. ग्रहवेधाचें यंत्र, दुर्बीण व काठी या त्याच्या खुणा. प्रबळ मांत्रिकाच्या देहांत तो क्वचित् संचार करितो, अशी आख्यायिका. वर्षाच्या बारा महिन्यांपैकीं सूर्याचा उदय, सूर्याची उंची व सूर्याचा अस्त अशा अर्थाचीं नांवें तीन महिन्यांस आहेत. पण त्या सूर्याच्या स्थपतीचें नांव एकाही महिन्यास नाहीं. रोज उगवणाऱ्या वस्तूचा देव इतका विस्मृत कां व्हावा, हा येथें खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अशा विषयांत तीन प्रतींच्या विधानांची भेसळ होऊं देतां कामा नये. पहिली प्रत, जें ग्रंथांत स्पष्ट सांगितलें आहे तें. दुसरी, जें त्यावरून तर्कानें निघतें तें. तिसरी, जें केवळ आपणांस वाटतें तें. पहिल्या प्रतीचें सांगून झालें. आतां पुढील दोहोंकडे जाऊं.

प्रकाश व जादू हीं एकाच छिद्रांतून येतात, असें म्हटलें आहे. तसें असेल तर मांत्रिकाची खर्चलेली शक्ति उन्हांत लवकर व अंधारांत सावकाश भरून आली पाहिजे. परंतु 'स्कायरिम' खेळतांना अनुभव निराळा येतो. भर दुपारीं माळावर उभें राहा किंवा खोल गुहेंत बसा, ती शक्ति सारख्याच वेगानें भरते. मग ग्रंथ खोटे मानावे काय? तशी आवश्यकता दिसत नाहीं. पाऊस आकाशांतून पडतो, तरी विहिरीस पाणी केवळ पावसाच्या दिवशींच असतें असें नाहीं. जमिनींत मुरलेलें पाणी पुढें कित्येक महिने पाझरत राहतें. त्याचप्रमाणें युगानुयुगें झिरपलेली शक्ति मातींत, दगडांत व प्राण्यांच्या देहांत मुरलेली असावी. या तर्कास आधार आहे. आयलीड नांवाच्या प्राचीन एल्फ जातीनें प्रकाश हें चार मूलतत्त्वांपैकीं एक तत्त्व मानिलें होतें, व ताऱ्यांचा प्रकाश हें प्रकाशाचें सर्वांत श्रेष्ठ रूप मानिलें होतें. 'ऑब्लिव्हिअन' या खेळांत त्यांच्या पडक्या वास्तु आढळतात. त्या बहुशः भूमीच्या पोटांत आहेत, आणि त्यांत वेल्किंड नांवाचे प्रकाशमान खडे ठेविलेले असतात. जो खडा घ्यावा त्यानें मांत्रिकाची शक्ति तत्काळ भरून येते. जमिनीखालीं आकाशाचा प्रकाश सांठविण्याची ही कोठारेंच होत. मॅग्नस गेला, पण त्याच्या जाण्यानें आलेला ओलावा भूमींत राहिला.

दुसरा प्रश्न असा कीं, या सूर्याचा धनी कोण? २०१२ सालीं 'स्कायरिम'ला 'डॉनगार्ड' नांवाची पुरवणी जोडण्यांत आली. तींत हिमप्रदेशांतील एल्फांचें एक भव्य मंदिर आहे. तेथील साधक पाण्याची झारी घेऊन प्रकाश, दृष्टि, विद्या, निश्चय व तेज अशा अर्थांच्या नांवांचीं पांच स्थानें क्रमानें करीत आणि तें पाणी अखेरीस मुख्य मंदिरांत ओतीत. हें सर्व ऑरिएलच्या उपासनेंत चाले. त्याच पुरवणींत ऑरिएलचें धनुष्यही सांपडतें. पवित्र केलेला बाण त्या धनुष्यानें सूर्यावर सोडिला तर सूर्यापासून शत्रूवर ज्वाळा उतरतात. एका विशिष्ट रक्तांत बुडविलेला बाण सोडिला तर सूर्य झांकोळून जातो. रक्तपिपासूंचा अधिपति हार्कन यास तेंच साधावयाचें असतें. यावरून सूर्य हा ऑरिएलचाच, असें वाटूं लागतें. मग मॅग्नसच्या कथेचें काय करावें?

येथें आपणांस तर्क करावा लागेल. ऑरिएलला साम्राज्यांतील लोक अकातोष म्हणतात, व तो काळाचा अधिष्ठाता मानिला जातो. दिवस, मास व वर्ष हीं सूर्याच्या गतीनें मोजलीं जातात. म्हणून सूर्याच्या उदयास्तावर काळाच्या देवाची सत्ता असणें साहजिक आहे. पण गति एक आणि प्रकाश दुसरा. दार पाडणारा एक असूं शकतो, व त्या दाराची कडी सांभाळणारा दुसरा. ऑरिएलचा बाण प्रकाश निर्माण करीत नाहीं. तो आलेला प्रकाश एका बाजूस वळवितो किंवा अडवितो. द्वारपाळाच्या हातीं जेवढी सत्ता असते तेवढीच ही आहे. आणि या दोन देवांच्या चरित्रांतील विरोध पाहिला म्हणजे हा तर्क अधिकच पटतो. दोघांसही परत जावयाचें होतें. एकास वाट मिळाली, दुसऱ्यास मिळाली नाहीं. जो अडकून पडला त्याच्याच हातीं त्या वाटेची राखण आली, असें मानिल्यास दोन्ही कथा एकमेकींस बाध आणीत नाहींत. मंदिराच्या पांच स्थानांत 'दृष्टि' व 'प्रकाश' हीं नांवें कां असावीं, याचाही कांहींसा उलगडा होतो. कारण दुर्बीण ही मॅग्नसची खूण आहे, व दृष्टीवांचून दुर्बिणीस अर्थ नाहीं. जुन्या देवाच्या खुणा नव्या उपासनेंत नांव बदलून टिकून राहतात, हें खऱ्या धर्मांच्या इतिहासांतही पुष्कळदां घडलें आहे.

तिसरा प्रश्न नेत्राचा. 'स्कायरिम' या खेळांत विंटरहोल्डच्या मांत्रिकांच्या विद्यालयास सार्थाल येथील भग्नावशेषांत एक प्रचंड तेजस्वी गोल सांपडतो. त्यास मॅग्नसचा नेत्र म्हणतात. अंकानो नांवाचा एक महत्त्वाकांक्षी मनुष्य, वस्तुतः एल्फ, त्याची शक्ति बळकावूं पाहतो. शेवटीं मॅग्नसची काठी आणून त्या शक्तीचें शोषण करावें लागतें, आणि सिजिक पंथाचे साधु तो गोल कायमचा दूर नेतात. त्यास नेत्र कां म्हणावयाचें, हें कोणी सांगत नाहीं. ऋग्वेदांत सूर्यास मित्र व वरुण यांचा नेत्र म्हटलें आहे, आणि मिसर देशांतही रा या देवाच्या नेत्राच्या कथा होत्या. तेव्हां सूर्यदेव व नेत्र यांचा संबंध नवा नाहीं. परंतु येथें एक विशेष आहे. एल्फांचे ग्रंथ म्हणतात कीं, निघून जाण्याची मॅग्नसला फार मोठी किंमत द्यावी लागली. ती किंमत कोणती, हें तेथें लिहिलेलें नाहीं. खजीत लोकांच्या कथांत मात्र याच देवास मॅग्रस असें नांव असून, तो भित्रा होता, व अझुरा या देवीनें त्याचा डोळा काढून घेऊन त्याचा एक दिव्य खडा केला, असें वर्णन आहे. हीं दोन वचनें शेजारीं ठेविलीं म्हणजे किंमत कळूं लागते : स्थपतीनें आपली दृष्टि मागें ठेविली. सार्थालचा गोल हाच तो डोळा, हें मात्र कोठेंही सांगितलेलें नाहीं. तें आपल्या तिसऱ्या प्रतींत, म्हणजे केवळ वाटण्यांत, ठेविलें पाहिजे. पण तसें असेल तर चित्र मोठें करुण होतें. ज्यानें जगाचा आराखडा काढिला, त्यालाच तें जग दिसत नाहीं. आणि ज्या प्रकाशानें इतर सर्वांस दिसतें, तो त्याच्याच पलायनाचा माग होय.

आतां उपेक्षेच्या प्रश्नाकडे परत येऊं. धर्मांच्या अभ्यासकांनीं असें नमूद केलें आहे कीं, आफ्रिकेंतील कित्येक जमातींच्या कथांत सृष्टि करणारा श्रेष्ठ देव पुढें फार दूर निघून जातो, आणि लोक आपलीं गाऱ्हाणीं जवळच्या आत्म्यांकडे व पूर्वजांकडे नेतात. मॅग्नसचें तसेंच झालें असावें. प्रार्थना करावयाची तर ऐकणारा कोणीतरी असावा लागतो. मॅग्नस ऐकण्याच्या अंतरावर नाहीं. आणि त्याचें दान तर न मागतांच मिळतें. जें न मागतां रोज मिळतें, त्याच्या दात्याची आठवण मनुष्यास क्वचितच होते. झऱ्याचें पाणी पिणारे पुष्कळ असतात. उगमापर्यंत चढून जाणारे थोडे. टॅम्रिएलमध्यें मॅग्नसची आठवण ठेवणारे असतील तर ते मांत्रिक व विद्यार्थी, म्हणजे उगमाचा शोध घेणारे लोक होत.

शेवटचा प्रश्न नीतीचा आहे, व तोच सर्वांत कठीण आहे. मॅग्नस भ्याड होता कीं शहाणा? खजीत त्यास भित्रा म्हणतात. एल्फांच्या मतें लोर्खाननें सर्वांस फसविलें, आणि मॅग्नसनें तें वेळेवर ओळखलें. त्याच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं, चूक ध्यानांत आल्यावरही केवळ लाजेस्तव ती पुढें रेटीत राहणें हें शौर्य नव्हे. परंतु त्याच्याविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि त्याचें समाधान त्या ग्रंथांत कोठेंही होत नाहीं. आराखडा त्यानेंच काढिला होता. घराचा नकाशा काढणाऱ्यास घराचा खर्च ठाऊक असला पाहिजे. त्यानें खर्चाचा हिशेब केला नसेल, तर तो स्थपति म्हणून उणा पडला. हिशेब करूनही सांगितला नसेल, तर तो सोबती म्हणून उणा पडला. तो गेल्यावर ज्यांनीं आपलीं शरीरें टाकून पृथ्वीच्या अस्थि होण्याचें पत्करलें, त्यांनीं त्याचा अपुरा हिशेब आपल्या पदरचें घालून पुरा केला.

आपल्या पुराणांत याच्या नेमकी उलट कथा आहे. सूर्याचें तेज त्याच्या पत्नीस, संज्ञेस, सोसवेना. तेव्हां विश्वकर्म्यानें सूर्यासच कातून त्याचें तेज कमी केलें, आणि त्या तासलेल्या तेजापासून विष्णूचें चक्र इत्यादि आयुधें घडविलीं. तेथें सूर्य राहतो, आणि संसार चालावा म्हणून स्वतः झिजतो. मॅग्नसच्या कथेंत देव निघून जातो, आणि झीज जगास सोसावी लागते. दोन्ही कथांत प्रकाश आहेच. पण तो कोणाच्या पदरचा आहे, हें निराळें आहे. सूर्याकडे पाहून एकास कृतज्ञता वाटेल, आणि दुसऱ्यास कोणीतरी सोडून गेल्याची आठवण होईल. मॅग्नसला मंदिर नाहीं याचें कारण कदाचित् हेंच असेल. जेथून देव निघून गेला त्या वाटेवर मनुष्यें दिवा लावीत नाहींत. तेथें तर दिवा आपोआपच जळत आहे.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, कल्पित देवाविषयीं इतका विचार कशास करावा, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, ज्या सावधपणें आपण येथें ग्रंथाचें वचन, त्यावरचा तर्क आणि स्वतःचें वाटणें हीं निरनिराळीं ठेविलीं, तोच सावधपणा वर्तमानपत्र वाचतांना, इतिहास शिकतांना व शेजाऱ्याविषयीं ऐकलेली गोष्ट पुढें सांगतांना लागतो. खेळांत चूक झाली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. म्हणून संवय करण्यास ती जागा चांगली आहे. पालकांसही एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल, तर वेळेची मर्यादा अवश्य घालावी, परंतु त्याबरोबर एकदां इतकें विचारावें कीं, "तुझ्या त्या जगांत सूर्य कोणीं केला, आणि तुला तें कशावरून कळलें?" या प्रश्नाच्या उत्तरार्धाचें उत्तर जो नीट देऊं शकेल, त्यानें त्या खेळापासून कांहीं मिळविलें असें खुशाल समजावें.